तळहातावरची बार्शी लाइट : छोट्या आगगाड्यांच्या लिलावाचा इतिहास

१/ आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी फलटण, बरड मागे टाकून सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते, तेव्हा जिल्ह्यातील तिचा पहिला मुक्काम नातेपुत्यास पडतो. हे गाव पायी चालणाऱ्यांच्या वाटेवरचे. आगगाडी त्याच्या वेशीपर्यंत कधी आली नाही. मात्र याच वाटेच्या अखेरीस, पंढरपुरात, १९०६ साली एक छोटी आगगाडी पोहोचली आणि सुमारे शतकभर धावली. आज ती नाही. तिची प्रतिकृती घरी असावी असे कोणास वाटले, तर तीही दुकानात तयार मिळत नाही. ऑनलाइन लिलावांतून तुकड्यातुकड्यांनी ती जमवावी लागते. असे का, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ प्रथम शब्दाविषयी. 'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगीज 'लेइलाँव'वरून आला. त्याच अर्थाचा 'हर्रास' हा शब्दही जुन्या व्यवहारात रूढ होता. माळशिरस, सांगोला, पंढरपूर या पट्ट्यातील माणसास लिलाव समजावून सांगण्याची गरज नाही. डाळिंबाच्या ढिगापुढे चढत जाणारी बोली त्याने ऐकलेली असते. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून ठरणारा भावही त्याला ठाऊक असतो. या दोन्ही व्यवहारांत दोन गोष्टी समान आहेत : माल डोळ्यांपुढे असतो आणि माणूसही.

३/ ऑनलाइन लिलावात या दोन्ही गोष्टी नाहीशा झाल्या. माल हजारो मैल दूर, विक्रेता अनोळखी. तरीही तळहाताएवढ्या इंजिनासाठी माणसे आगाऊ पैसे पाठवू लागली. हा विश्वास कोठून आला, आणि सोलापूर जिल्ह्यातून गेलेल्या एका नष्ट झालेल्या रेल्वेशी त्याचा काय संबंध, हे पाहण्यासाठी आधी त्या रेल्वेकडे वळावे लागेल.

४/ एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. त्या काळी बार्शी ही कापसाची मोठी पेठ होती; परंतु मुंबई–मद्रास लोहमार्ग तिला बाजूला ठेवून गेला होता. माल बैलगाड्यांनी 'बार्शी रोड' स्थानकावर, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीस, न्यावा लागे. या दोन ठिकाणांना जोडणारी स्वस्त, अरुंद रुळांची रेल्वे बांधता येईल, असे कॅलथ्रॉपने मांडले. त्यास मंजुरी मिळवण्यात त्याची अनेक वर्षे गेली.

५/ कॅलथ्रॉपचा विचार साधा होता. रुळांतील अंतर २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार नाही. आसावरचा भार सारखा वाटला गेला, तर रूळ हलके चालतात. रूळ हलके, तर खर्च कमी. इंजिन, प्रवासी डबे, वाघिणी या सर्वांस हाच नियम. १८९४ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे त्याने आपल्या गाड्या चालवून अभियंत्यांस दाखवल्या. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा मार्ग सुरू झाला.

६/ पुढे मार्ग वाढत गेला. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर. कापूस, धान्य आणि वारकरी यांवर ही रेल्वे जगली. १९५४ मध्ये भारत सरकारने ती कंपनीकडून विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत सामील झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व त्यानंतर लगेचच तिचे रूळ टप्प्याटप्प्याने उखडून तेथे ब्रॉडगेज टाकण्यात आली. मार्ग राहिला, गाडी गेली.

७/ गाडी गेली म्हणजे नेमके काय झाले? निकामी रेल्वे-साहित्याची विल्हेवाट लिलावानेच लागते. हे लिलाव आता आयआरईपीएस या संकेतस्थळावर ऑनलाइनच होतात. तेथे लोखंडाचा भाव टनावर ठरतो. ते लोखंड कोणत्या वर्षीचे, कोणत्या कारखान्यातले, त्याने किती यात्रा पाहिल्या, याला भंगाराच्या बोलीत किंमत नसते. छंदिष्टांच्या लिलावात नेमके उलट घडते : वजन काहीच नाही, सारी किंमत माहितीची.

८/ आता खेळण्यांकडे. १८९१ मध्ये जर्मनीतील म्यार्कलिन या कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत चावीच्या आगगाडीचा संच मांडला. नवेपण गाडीत नव्हते. रुळांच्या ठरावीक मापांत होते. आज इंजिन घ्यावे, पुढल्या वर्षी डबा, त्यानंतर सांधे; सारे एकमेकांस जुळणार. खेळणे संपूर्ण विकत घेण्याची वस्तू न राहता वर्षानुवर्षे वाढवण्याची वस्तू झाले. जुन्या सुट्या भागांनाही बाजार असू शकतो, हे या मापांमुळेच शक्य झाले.

९/ इंग्लंडमध्ये मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी याने १९२० मध्ये पत्र्याच्या गाड्या काढल्या. १९३८ मध्ये आकाराने लहान अशी 'हॉर्नबी डब्लो' मालिका आली. अमेरिकेत लायोनेल, जर्मनीत म्यार्कलिन, इंग्लंडात हॉर्नबी. या नावांभोवती तीन-तीन पिढ्यांचे संग्रह जमले. संग्राहक वारला की त्याचा संग्रह माळ्यावर जाई, अथवा गावातील लिलावगृहात एकगठ्ठा विकला जाई. ज्याला त्यातील नेमका एक डबा हवा असे, तो दुसऱ्याच शहरात बसलेला असे.

१०/ भारतात ही अडचण दुपटीने होती. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपण्यासाठी उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध आले आणि त्यांतील अखेरचे संख्यात्मक निर्बंध एप्रिल २००१ पर्यंत टिकले. तोवर परदेशी छोटी गाडी येथे पोहोचायची ती परतणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून. तरीही छंद जगला. पुण्यात कोथरूड येथे भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. रूळ, सिग्नल, घाट आणि नगर यांचे ते चालते-बोलते जग आजही मुलांना खेचून घेते.

११/ आता थोडे गणित. कारण लिलावाचे कोडे त्यातच आहे. जगात सर्वाधिक रूढ असलेले 'एचओ' हे माप म्हणजे मूळ वस्तूचा ८७वा भाग. त्याच्या रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर, हे युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर रुळांवरून आले. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. त्याचा ८७वा भाग १९.२६ मिलिमीटर होतो. म्हणून बाजारातल्या तयार रुळांवर ठेवलेली भारतीय ब्रॉडगेज गाडी जवळपास पावणेतीन मिलिमीटरने परक्या मापावर उभी असते.

१२/ बार्शी लाइटचे मात्र नशीब वेगळे. ७६२ मिलिमीटरचा ८७वा भाग ८.७६, म्हणजे जवळजवळ ९. आणि ९ मिलिमीटरचे रूळ बाजारात विपुल आहेत. कारण 'एन' या १:१६० मापाच्या छोट्या गाड्या त्याच रुळांवर धावतात. म्हणून नॅरोगेजचे छंदिष्ट 'एन' मापाच्या इंजिनाचा चाके-मोटारीचा सांगाडा घेतात आणि त्यावर मोठ्या मापाचे, स्वतः घडवलेले कवच बसवतात. याच प्रमाणात सारी बार्शी लाइट उभारली, तर तिची लांबी पावणेचार किलोमीटरच्या आत राहील. नातेपुत्याच्या शिवारात ती सहज मावेल.

१३/ तो सांगाडा नवा घेणे परवडत नाही. येथे लिलाव उपयोगी पडतो. कवच फुटलेले, रंग उडालेले, 'सुट्या भागांसाठी किंवा दुरुस्तीसाठी' असे लिहून विकायला ठेवलेले इंजिन दुसऱ्या कोणास नको असते. बार्शीचे इंजिन घडवणाऱ्यास नेमके तेच हवे असते, कारण कवच तो टाकूनच देणार असतो. एकाचा टाकाऊ माल दुसऱ्याच्या कामाचा कच्चा माल ठरतो. प्रश्न एवढाच की त्या दोघांची गाठ पडायची कशी?

१४/ सप्टेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत पिएर ओमिद्यार या तरुणाने 'ऑक्शनवेब' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर. बिघडलेली वस्तूही कोणाला तरी हवी असते, हे पहिल्याच विक्रीत दिसले. १९९७ मध्ये या संकेतस्थळाचे नाव 'ईबे' झाले. माळ्यावरचे संग्रह आणि दूरचे शोधक प्रथमच एका चौकात आले.

१५/ अनोळखी माणसावर विश्वास ठेवायचा कसा? १९९६ मध्ये ओमिद्यारने उपाय काढला : प्रत्येक सौद्यानंतर विक्रेता व ग्राहक यांनी एकमेकांविषयी जाहीर अभिप्राय लिहावा. बाजारपेठेत व्यापाऱ्याची पत पिढ्यानुपिढ्या तोंडी सांगितली जाते. येथे ती आकड्यांत, सर्वांसमक्ष लिहिली जाऊ लागली. छोट्या गाड्यांच्या व्यवहारात हे विशेष महत्त्वाचे ठरले, कारण या छंदातील मंडळी त्याच त्या माणसांकडून वारंवार खरेदी करतात. एकदा फसवणारा विक्रेता पुढचे अनेक सौदे गमावतो.

१६/ बोलीची रीतही निराळी. ग्राहक आपली कमाल मर्यादा गुपचूप नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा, एकाची मर्यादा ३,००० रुपये आणि दुसऱ्याची २,२०० रुपये. तर पहिल्यास वस्तू २,२०० रुपयांच्या किंचित वर मिळते, ३,००० रुपयांस नव्हे. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी किंमत द्यावी, या पद्धतीचे गणित अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये मांडले होते. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झाले आणि अवघ्या काही दिवसांत त्यांचे निधन झाले.

१७/ या रीतीत आपली खरी मर्यादा एकदाच सांगून स्वस्थ बसणे शहाणपणाचे. प्रत्यक्षात माणसे शेवटच्या काही सेकंदांपर्यंत दबा धरून बसतात. ॲल्विन रॉथ व ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये याची तुलना प्रसिद्ध केली. ईबेवर लिलाव ठरल्या क्षणी संपे. ॲमेझॉनच्या तत्कालीन लिलावात उशिरा बोली आली की मुदत वाढे. दबा धरण्याची सवय ईबेवर बरीच अधिक आढळली. 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणत कोणी बोलतो का हे पाहणारा आपल्या मंडईतला पुकारणारा या दुसऱ्या पद्धतीच्या जवळचा.

१८/ आता फसगतीची बाजू. १९३०च्या दशकातील अनेक छोट्या इंजिनांचे भाग जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले आहेत. त्या धातूत शिशाची भेसळ राहिली असेल, तर काही दशकांनी तो आतून फुगतो, तडकतो व भुगा होतो. यास 'झिंक पेस्ट', म्हणजे जस्ताला लागलेली कीड म्हणतात. तिच्यावर इलाज नाही. बाहेरून रंग शाबूत असतो. छायाचित्रात इंजिन देखणे दिसते आणि टपालाने हाती येतो चुरा. बैलाचे दात बाजारात उचकटून पाहता येतात. पडद्यावरच्या इंजिनाचे पाहता येत नाहीत.

१९/ म्हणून या बाजारात वर्णनाचीच किंमत होते. मूळ खोका आहे की नव्याने छापलेला? रंग कारखान्याचा की नंतर दिलेला? 'तपासलेले नाही' या दोन शब्दांचा अनुभवी माणूस बहुधा 'चालत नाही' असाच अर्थ लावतो. उलट, विक्रेत्यास स्वतःच्या वस्तूचे मोल ठाऊक नसेल आणि त्याने नाव चुकीचे लिहिले असेल, तर शोधणारा जाणकार ती वस्तू स्वस्तात मिळवतो. ज्ञानाचा रोख मोबदला इतका तत्काळ देणारे बाजार थोडेच असतील.

२०/ बार्शीप्रेमींसाठी असे एक ज्ञान म्हणजे 'लीक अँड मॅनिफोल्ड'. इंग्लंडमधील ही छोटी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तिचा अभियंता कॅलथ्रॉपच. रुळांचे माप तेच, २ फूट ६ इंच. इंजिने बार्शीस इंजिने देणाऱ्या किटसन कारखान्याचीच. त्यांच्या कपाळावर हिंदुस्थानी थाटाचे मोठे दिवेही होते. अवघी तीस वर्षे जगलेली ही रेल्वे इंग्रज छंदिष्टांची फार लाडकी. तेव्हा 'बार्शी' शोधून जे सापडत नाही, ते 'लीक' शोधून निदान निम्मे सापडते. कुर्डुवाडीच्या गाडीचा माग इंग्लंडमधील तिच्या धाकट्या बहिणीकडून काढावा लागतो.

२१/ भारतात ऑनलाइन लिलाव रुजवण्याचा मोठा प्रयत्न २००० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'बाझी डॉट कॉम'ने केला. २००४ मध्ये ईबेने ती सुमारे ५ कोटी डॉलरना घेतली. त्याच वर्षअखेर एका विक्रेत्याने तेथे आक्षेपार्ह चित्रफीत विकायला ठेवल्याच्या प्रकरणात कंपनीच्या प्रमुखांना अटक झाली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरील कारवाई रद्द केली. बाजारात कोणी वावगे विकले, तर बाजाराचा मालक जबाबदार किती? हा वाद २००८ मधील माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या दुरुस्तीपर्यंत पोहोचला.

२२/ ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचे भारतीय संकेतस्थळ बंद झाले. छंदिष्टांना परदेशी लिलावांकडे पाहणे भाग पडले, आणि तेथे दुसरी भिंत उभी होती. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी उद्योगाला आधार देणे हा त्यामागचा हेतू. पण शुल्काच्या वर्गवारीत लहान मुलाचे प्लॅस्टिकचे खेळणे आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती एकाच शीर्षकाखाली येतात. तुटक्या इंजिनाच्या किमतीहून त्याचे टपाल व शुल्कच अधिक, अशी वेळ त्यामुळे येते.

२३/ उलट दिशेने, भारतातून बाहेर जाणाऱ्या वस्तूंस १९७२चा पुरावशेष कायदा लागू होतो. ऐतिहासिक महत्त्वाची व शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाही. बार्शी लाइटचे १८९७ चे एखादे पितळी नावफलक वा कंदील या मर्यादेत येऊ शकतो. शिवाय रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून 'ही वस्तू कोठून आली' या प्रश्नाचे लेखी उत्तर केवळ हौसेचे नसते. कायद्यापुढेही तेच कामी येते.

२४/ या सर्व व्यवहारातून एक गोष्ट निघते. तिकिटाचा पुठ्ठा, वेळापत्रकाचे पान, वाघिणीवरील पाटी, स्थानकाचे छायाचित्र : प्रतिकृती करणाऱ्यास अशा कागदपत्रांतूनच डब्याचा रंग, दाराची उंची, अक्षरांची वळणे कळतात. घरातील माणूस गेल्यावर ही पाने रद्दीत जातात, अथवा लिलावात 'जुने रेल्वे कागद, एक गठ्ठा' म्हणून विकली जातात. गठ्ठा सुटला की कोणते छायाचित्र पंढरपूरचे आणि कोणते मिरजेचे, हे सांगणारे कोणी उरत नाही.

२५/ २०२१ मध्ये फलटणहून पुण्याकडे प्रवासी गाडी सुरू झाली. तेथून पंढरपूरपर्यंत लोहमार्ग नेण्याची मागणी जुनी आहे. पालखीच्या वाटेवरील गावे त्याकडे डोळे लावून आहेत. कदाचित नातेपुतेकरांच्या कानी एक दिवस शिट्टी पडेलही. ती ब्रॉडगेजची असेल. वारकऱ्यांना घेऊन चंद्रभागेकडे जाणारी छोटी गाडी मात्र आता पाहता येईल ती तळहातावरच. ज्यांच्या घरी तिचे एखादे तिकीट वा छायाचित्र असेल, त्यांनी त्याच्या पाठीवर पेन्सिलीने स्थानक, साल आणि ते कोणाचे होते एवढे लिहून ठेवावे. पुढे कोणी ती गाडी घडवू पाहील, तेव्हा त्याला याच तीन ओळींची गरज लागेल. (समाप्त)